माप घेताना नाही

“मावशी, तुमच्यात उपास असतो का हो?” “मंगळसूत्र चालतं तुम्हाला?” “नाताळात करंज्या करता? आम्हाला वाटलं, नुसता केकच असतो.” अहिल्यानगरच्या सावेडी भागातल्या एका गल्लीत, रस्त्याकडेच्या खोलीत शिलाई मशीन मांडून बसलेल्या बाईंना असा एखादा प्रश्न अधूनमधून येतोच. विचारणाऱ्या बायका ब्लाउज शिवायला टाकायला आलेल्या असतात, नाहीतर साडीला फॉल-पिको करून न्यायला. प्रश्नात खोच नसते. भिंतीला भिंत लागून राहिलं, एकमेकींची पोरं सांभाळली, तरी पलीकडच्या घरात देवाचं काय चालतं ते विचारायचं राहूनच जातं, आणि ते विचारायला मशीनसमोरचा बाक ही सोयीची जागा असते.

गल्लीत त्यांना सगळे मावशीच म्हणतात, म्हणून इथंही मावशीच. नेवासे तालुक्यातल्या एका महारवाड्यात त्यांचे पणजोबा ख्रिस्ती झाले. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं आणि पुढे आसपासच्या खेड्यांत पसरलं. त्याच पसाऱ्यातलं हे एक घर. नवरा एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त आहे. मावशी दर रविवारी मंडळीत जातात, महिला मंडळात प्रार्थना करतात. बायबल कॉलेज त्यांनी पाहिलेलं नाही, कुठल्या मिशनचा पगार त्यांना नाही, व्यासपीठावर उभं राहून बोलायची वेळ त्यांच्यावर आलेली नाही. तरी येशूविषयी या गल्लीनं जे काही ऐकलं आहे, ते बहुतेक त्यांच्याच तोंडून.

महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं किती? २०११ च्या जनगणनेत सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही नाही. यातली वसईची, मुंबईची मोठी वस्ती सोडली, तर बाकीच्यांचं शेजारपाजार म्हणजे बहुतेक इतर धर्मांची माणसंच. अशा ठिकाणी साध्या विश्वासणाऱ्यानं आपल्या प्रभूविषयी शेजाऱ्याशी बोलायचं ते कसं, कधी आणि मुळात का, हा प्रश्न मंडळीतल्या प्रवचनापेक्षा मावशींच्या खोलीत जास्त खरा होतो.

त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. माप घेताना देवाविषयी बोलायचं नाही.

ब्लाउजचं माप घ्यायचं म्हणजे समोरची बाई हात अंगापासून जरा दूर धरून उभी असते. पदर खांद्यावरून काढून बाजूला केलेला. मावशी टेप फिरवतात. छाती, कंबर, मुंढा, बाहीची लांबी, दंडाचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा. प्रत्येक आकडा पाठ ठेवायचा आणि शेवटी वहीत उतरवायचा. तेवढा वेळ ती बाई हलू शकत नाही. “येते मी, भाजी गॅसवर आहे,” असं म्हणून निघू शकत नाही. मावशींचं म्हणणं असं, की जिला उठून जाता येत नाही तिला सुवार्ता सांगायची नाही. सांगितली तर ती सुवार्ता राहत नाही, ती बाई नुसती माप संपायची वाट बघत असते.

याच नियमाला दोन फाटे आहेत. जिच्याकडे शिलाईची उधारी आहे तिच्याशी त्या हा विषय स्वतःहून काढत नाहीत, कारण देणेकरी माणूस कुठल्याही गोष्टीला मान डोलावतो. आणि शिवण शिकायला येणाऱ्या शाळा-कॉलेजच्या मुलींना त्या बायबलातलं काही सांगायला बसत नाहीत. मुलीनं विचारलं तर उत्तर देतात आणि वर सांगतात, “हे आईला घरी जाऊन सांग, की मी असं विचारलं आणि मावशी असं म्हणाल्या.” एकदा एका मुलीला नाताळच्या उपासनेला यायचं होतं. आईनं नको म्हटलं. मुलगी उपासनेला आली नाही, शिवण शिकायला मात्र येत राहिली. कटोरी ब्लाउज कापायला ती या खोलीतच शिकली.

एवढी काळजी कशाला, असं मंडळीतल्या काही जणांना वाटतं. पण मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना ही काळजी कुठून येते ते कळेल. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढे ते पुण्याला नेलं. तिथं राहणाऱ्या, शिकणाऱ्या बहुतेक मुली उच्चवर्णीय हिंदू घरांतल्या, कित्येक बालविधवा. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडं असे. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार समितीतून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची बाजू स्पष्ट होती. सक्ती करणार नाही, पण स्वतःच्या खोलीचं दारही लावून घेणार नाही. त्यांच्या धैर्याबद्दल दुमत असायचं कारण नाही. तरीही ज्या मुलींचं छप्पर, जेवण आणि शिक्षण एकाच व्यक्तीच्या हाती होतं, त्यांच्या पालकांची धास्तीही निराधार नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मावशींच्या खोलीचं दारही उघडंच असतं, भिंतीवर क्रूस आहे, कॅलेंडरवर बायबलचं वचन आहे. पण हातात टेप, वहीत उधारी आणि समोर शिकाऊ मुलगी असताना आपलं पारडं जड असतं, हे त्यांनी ओळखलं आहे.

आणि दुष्काळाची गोष्ट तर नगर जिल्ह्यात अजून बोलली जाते. १८७६ ते १८७८ चा आणि मग १८९९-१९०० चा, ज्याला लोक छप्पनचा दुष्काळ म्हणतात, तो. मिशनांनी त्या काळात कामं काढली, अन्न दिलं, अनाथ मुलं सांभाळली, आणि त्याच काळात बाप्तिस्मे घेणाऱ्यांची संख्याही वाढली. कोण भुकेपायी आला, कोण माणूस म्हणून पहिल्यांदा जवळ घेतल्यामुळे आला आणि कोण खरोखर ख्रिस्तावर विश्वास ठेवून आला, हे इतक्या वर्षांनी कुणी वेगळं करून दाखवू शकणार नाही. एकाच माणसाच्या मनात तिन्ही असतील. पण “धान्यासाठी बाटले” हा शब्द मागे चिकटून राहिला.

तो आजही ऐकू येतो, जरा नव्या रूपात. “मिशनकडून महिन्याला किती मिळतात?” असं मावशींना एका गिऱ्हाइकानं अगदी सहज विचारलं होतं. मावशींनी मशीनच्या टेबलाचा खण उघडून बचत गटाचं पासबुक दाखवलं. मशीनच्या कर्जाचे हप्ते त्यात ओळीनं लिहिलेले. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्या बाईला माहीत नव्हती आणि पुष्कळ शिकलेल्या लोकांनाही नसते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंना मिळाल्या, पुढे शिखांना आणि बौद्धांनाही लागू झाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलिताला त्या मिळत नाहीत. मावशींच्या मुलाला कॉलेजात प्रवेश घेताना ही गोष्ट कागदावर भोगावी लागली. त्यांचा आवाज हे सांगताना चढला नव्हता. गिऱ्हाईक बाई मात्र गप्प झाली आणि म्हणाली, “मग राहता कशाला?” पुढचं बोलणं तिथून सुरू झालं. माप केव्हाच घेऊन झालं होतं.

साक्ष द्यायची म्हणजे काय, याविषयी मंडळ्यांमध्ये बरंच शिकवलं जातं. पत्रकं कशी वाटावीत, चार मुद्द्यांत तारण कसं समजावून सांगावं, वगैरे. त्यातलं काही उपयोगी असेल. पण शुभवर्तमानांत साधी माणसं हे करताना दिसतात ती कुठल्याही तयारीविना. योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई विहिरीवरची घागर तिथंच टाकून गावात पळते आणि लोकांना म्हणते, चला, बघा. गावानं तिचं ऐकलं, मग स्वतः जाऊन ऐकलं, आणि शेवटी तिला सांगितलं की आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून नव्हे, स्वतः ऐकून मानतो. मार्काच्या पाचव्या अध्यायात बरा झालेला एक माणूस येशूबरोबर नावेत बसू पाहतो, आणि येशू त्याला नेत नाही. घरी जा, आपल्या माणसांना सांग, म्हणतो. आपल्या माणसांना! म्हणजे ज्यांनी त्याला त्याच्या वाईट दिवसांत पाहिलं होतं त्यांनाच. परक्या गावात जाऊन बोलणं त्या मानानं सोपं असतं. गल्लीतल्या माणसांना मावशींचं सगळं माहीत असतं. ब्लाउज वेळेवर मिळाला की नाही, उरलेलं कापड परत आलं की नाही, सुनेशी त्या कशा बोलतात, नळाच्या पाळीवरून भांडतात का. त्यांच्या बोलण्याची पडताळणी रोज होत असते आणि ती व्हावी असंच त्यांना वाटतं.

पेत्राच्या पहिल्या पत्रातला एक सल्ला त्यांना विशेष जवळचा आहे: तुमच्या आशेचं कारण जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेनं आणि आदरानं. यात विचारणारा आधी येतो. उत्तर त्याच्या प्रश्नामागून येतं.

गणपतीतल्या मोदकांचा प्रश्न असाच सुटला. शेजारच्या काकू दरवर्षी तळणीचे मोदक करतात. मावशी नैवेद्याचं खात नाहीत. ख्रिस्ती लोकांत यावर एकमत नाही. पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नावर लांबलचक लिहिलं आहे आणि ते वाचून दोन विश्वासू माणसं दोन निर्णयांवर येऊ शकतात. मावशींच्या घरात लहानपणापासून खात नाहीत, एवढं खरं. पहिल्या वर्षी त्यांनी ताट घेतलं, हसून घेतलं, आणि दारातच काकूंना खरं सांगितलं. काकूंना वाईट वाटलं. नैवेद्य दाखवण्याआधी बाजूला काढून देणं काकूंना जमणार नव्हतं, नैवेद्यानंतरचं खाणं मावशींना. काकूंनीच वाट काढली. घरचा नैवेद्य, आरती झाली की त्या मोदकांचा वेगळा घाणा तळतात. तो देवापुढे जात नाही, थेट भिंतीपलीकडे जातो. नाताळात इकडून करंज्या, शंकरपाळी, चिवडा जातो. काकू त्यातलं काही घरच्या देवासमोर ठेवून मग खातात आणि मावशींनी त्यावर कधी काही म्हटलेलं नाही.

या घाण्याविषयी जरा थांबून बोलायला हवं. श्रद्धेविषयी मोकळं बोलायचं तर फरक झाकून चालत नाही. सगळे देव एकच, असं म्हणून दोघींनाही मोदक खाता आले असते. पण तसं दोघींनाही वाटत नाही. फरक दारात उभं राहून सांगितला गेला, म्हणून तर कढईत तो घाणा पडला. नंतर एकदा काकूंनी विचारलं, “पण एवढं का पाळता?” आणि मावशींना येशूविषयी जे मनापासून सांगायचं होतं ते सांगता आलं. काकूंनी ऐकून घेतलं. काकू गणपतीच्या आहेत, गणपतीच्याच राहतील असं दिसतं. मावशी त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करतात आणि हे काकूंना माहीत आहे.

नगरचं एक भाग्य असं, की इथं येशूचं नाव मराठी चालीत आधीच रुळलेलं आहे. कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. मग नारायण वामन टिळक आले. नाताळच्या आधी मंडळीतली माणसं पेटी, ढोलकी आणि टाळ घेऊन घरोघर फिरतात तेव्हा ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली जी पदं म्हटली जातात त्यांत टिळकांची कितीतरी आहेत. गल्लीतल्या वारकरी आजोबांनी ती ऐकून “हे तर आमच्यासारखंच,” असं म्हटलं, यात नवल नाही. टिळकांच्या कानात तुकोबा होतेच.

टिळकांची स्वतःची गोष्टही शेजारधर्माची आहे, जरा विचित्र अर्थानं. १८९३ च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं निघाले होते. डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावर बोलणं झालं, मग धर्मावर. उतरताना त्यांनी टिळकांना नवा करार दिला. टिळक तो वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थांनी टिळकांवर काही उपकार केले नव्हते, त्यांना नोकरी दिली नव्हती, त्यांना पुन्हा भेटायचंही नव्हतं. दोन प्रवासी शेजारी बसले होते आणि कंटाळा आला असता तर टिळक खिडकीबाहेर बघू शकत होते.

घरातली गोष्ट याहून कठीण झाली. नवरा ख्रिस्ती झाला आणि लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. काही वर्षं ताटातूट, अपार दुःख. नंतर एकत्र आल्यावरही त्यांनी आपलं सोवळं, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला आणि टिळकांनी तो ठेवू दिला. जातीपातीविषयी त्यांचं मन बदललं ते त्यांच्याच विचारानं, आणि १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. हे सगळं लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. त्यातले उतारे शाळेच्या मराठीच्या पुस्तकात असायचे, म्हणून मावशींच्या बाकावर बसलेल्या कितीतरी बायकांना लक्ष्मीबाई माहीत आहेत. त्या ख्रिस्ती होत्या हे मात्र काहींच्या लक्षात नसतं. मंडळीच्या कपाटातली प्रत मावशींनी दोघी-तिघींना वाचायला दिली. एकीनं ती परत करताना म्हटलं, “टिळकांचा राग आला मला.” मावशी म्हणाल्या, “मलाही येतो काही ठिकाणी.”

आयुष्याच्या शेवटी टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि १९१७ साली साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही येऊ शकत होते. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार फार टिकला नाही. पण पगार सोडून बोलायचं, हा त्यांचा निर्णय मावशींसारख्या माणसांना चटकन समजतो. मावशींना तो घ्यावाच लागला नाही, पगार मुळात नव्हताच.

कायद्याचीही एक बाजू आहे आणि ती अलीकडे सगळ्यांच्याच मनात असते. घरगुती प्रार्थनेला चार माणसं जमली तरी गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी मोबाइल काढून उभं राहतं, असे दिवस आहेत. संविधानाच्या २५ व्या कलमानं धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. ६ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत प्रसाराच्या हक्कावर जोरदार चर्चा झाली. काही सदस्यांना तो नको होता. टी. टी. कृष्णम्माचारी बाजूनं बोलले आणि त्यांनी आपलाच दाखला दिला, की ख्रिस्ती संस्थांत इतकी वर्षं शिकूनही आपल्याला कुणी धर्म बदलायला लावू पाहिलं नाही. पुढे ओडिशानं १९६७ साली आणि मध्य प्रदेशानं १९६८ साली धर्मांतराविषयी कायदे केले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात निकाल लागला, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं सांगण्याचा हक्क. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात नाही. या निकालावर कायदेपंडितांनी टीकाही केली आहे. पण गल्लीच्या पातळीवर मावशींना तो अडचणीचा वाटत नाही. धर्मांतर घडवून आणणं आपल्या हातात आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे ते काम पवित्र आत्म्याचं आहे आणि निर्णय त्या त्या माणसाचा.

प्रार्थना मागायला येणाऱ्या बायका मात्र पुष्कळ. पोरगं आजारी, मुलीचं लग्न जमत नाही, नवऱ्याची दारू. मावशी आधी विचारतात, “येशूच्या नावानं करीन, चालेल ना?” मग डोळे मिटून साध्या मराठीत, चार-सहा वाक्यांत, त्या बाईचं नाव घेऊन प्रार्थना करतात. औषध बंद करा असं त्या चुकूनही म्हणत नाहीत. बरं करून दाखवण्याच्या जाहिराती करून माणसं जमवणाऱ्या सभांविषयी त्यांना चीड आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा सगळ्या धर्मांतल्या भोंदूंना लागू आहे, हे त्या महिला मंडळात ठणकावून सांगतात. डेंग्यूत प्लेटलेट उतरलेल्या एका मुलाची आई घरी परत आल्यावर म्हणाली, “तुमच्या देवानं वाचवलं.” मावशी म्हणाल्या, “देवानंच वाचवलं. आणि त्या नर्सताई रात्रभर सलाईन बघत होत्या ना, त्यांनाही पेढे देऊन या.”

समोरच्या वहिनींच्या घरी तसं झालं नाही. त्यांच्या नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आला. अतिदक्षता विभागाच्या बाहेर, लोखंडी खुर्च्यांवर, वहिनींनी स्वतः मावशींचा हात धरून प्रार्थना करायला सांगितली. मावशींनी केली. ते गेले.

त्या घरात सुतक होतं, चूल पेटत नव्हती. मावशी पिठलं-भाकरी घेऊन गेल्या. गावाहून आलेल्या आत्याबाईंनी डब्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. मावशींनी डबा दाराजवळच्या स्टुलावर ठेवला आणि घ्याच असं म्हटलं नाही. वहिनींनी उठून तो आत नेला. तेराव्यापर्यंत मावशी जात राहिल्या, भांडी घासली, पाहुण्यांना चहा केला. देवाविषयी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मंडळीतल्या एका बाईंना हे पटलं नाही. दुःखात माणसाचं मन मऊ असतं, तीच वेळ असते, असं त्यांचं म्हणणं. मावशींना ते ऐकूनच कसंतरी झालं. टेप लावून उभ्या असलेल्या बाईला निदान माप संपायची वाट बघता येते. नवरा नुकताच गेलेल्या बाईला तेही करता येत नाही.

बऱ्याच महिन्यांनी वहिनी एक जुनी साडी घेऊन आल्या. मुलीसाठी ड्रेस शिवायचा होता. कापड टेबलावर टाकून त्या म्हणाल्या, “तुम्ही प्रार्थना केली होती ना? मग?”

मावशींना उत्तर माहीत नव्हतं आणि त्यांनी ते तसंच सांगितलं. मग त्यांनी मार्थेची गोष्ट सांगितली. भाऊ आजारी म्हणून बहिणींनी येशूकडे निरोप धाडला, तो लगेच निघाला नाही, आला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था पुढे गेली आणि तोंडावर म्हणाली, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशूनं तिला गप्प केलं नाही. थोड्या वेळानं तो स्वतः रडला. “पुढे त्यानं भावाला उठवलं,” मावशी म्हणाल्या, “ते मी मानते. पण तुमच्या घरी तसं झालं नाही, हेही मला माहीत आहे. मी ज्याच्याकडे प्रार्थना केली तो रडणारा आहे, एवढंच मला ठाऊक आहे.” वहिनींनी मार्थेचं तेवढं पुन्हा सांगायला लावलं. देवाला असं बोलता येतं, हे त्यांना नवीन होतं.

मग त्यांनीच विचारलं, हे कुठं लिहिलंय. मावशींच्या खणात रिळांच्या शेजारी शुभवर्तमानांच्या छोट्या पुस्तिका असतात, पण त्या दिवशी योहानाची शिल्लक नव्हती, लूकची होती. ती दिली. तेव्हापासून गुरुवारी दुपारी, गिऱ्हाईक नसलं की दोघी थोडं वाचतात. वहिनींच्या देव्हाऱ्यात विठोबा आहे. बाप्तिस्म्याचा विषय त्यांनी काढलेला नाही आणि मावशींनीही. वाचताना मावशी शिकवायला जात नाहीत. वहिनी बारावी झालेल्या, वाचन स्वच्छ. मोठ्यानं त्याच वाचतात.

सध्या गाडी लूकच्या पंधराव्या अध्यायात अडली आहे. उधळ्या मुलाच्या गोष्टीत बाप धाकट्याला मिठी मारतो, तिथं मावशींचे डोळे भरून येतात. वहिनींना मात्र थोरल्याचं दुःख आहे. त्या घरच्या थोरल्या सून. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं त्यांनीच केलं, आणि जमिनीचा वाटा घेऊन पुण्याला गेलेल्या धाकट्या दिराचं कौतुक सासरे शेवटपर्यंत करत राहिले. “थोरल्याचं काय चुकलं, ते दाखवा मला,” त्या म्हणतात. मावशी म्हणाल्या, बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर आलाच की. वहिनी म्हणाल्या, आला, पण वासरू कापलं ते धाकट्यासाठी. याला आयुष्यात एक करडू तरी दिलं होतं का? मावशींनी रविवारी पाळकांना विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मावशींनी गुरुवारी जसंच्या तसं सांगितलं. वहिनींना ते पुरेसं वाटलं नाही. खरं तर मावशींनाही नाही. येत्या आठवड्यात ती धाकटी जाऊ पुण्याहून येणार आहे, तिच्या दोन ब्लाउजांचं माप द्यायचं आहे. वहिनींनी बजावून ठेवलंय, की आधी तिचं माप घ्या, मग मी पुस्तक काढते, बघू ती काय म्हणते.